नावाआधीचा श्वास

१० ऑक्टोबर. उद्या घट बसणार, म्हणून थोरल्या दिरांच्या, म्हणजे दादांच्या, आष्ट्याच्या घरी जळमटं काढायला गेले.

आमच्या दादांइतका निव्वळ कानांवर जगणारा माणूस अख्ख्या वाळवा तालुक्यात सापडायचा नाही. फौजेतून रिटायर होऊन आले तेच ट्रंकेत बायकोसाठी एक साडी आणि स्वतःसाठी ॲम्प्लिफायर घेऊन. तेव्हापासून घरात माणसांपेक्षा स्पीकर जास्त. त्यांची धूळ झटकायला दाढीचा ब्रश. गाणं लागलं की कुकरला शिट्टी द्यायची परवानगी नाही. म्हैससुद्धा परड्याच्या पार टोकाला नेऊन बांधली, का तर, मला म्हणाले, "रवंथ ऐकू येतं, सुनंदा." आणलेला सेट वर्षभरात त्यांच्या कानाला खरखरायला लागायचा, की दादा एसटीने सांगलीला जाऊन नवा आणायचे, मांडीवर लेकरू धरावं तसा.

जाऊबाई गेल्या आणि गाणी बंद झाली. राहिली एकच कॅसेट, घरातल्या जुन्या हळदीकुंकवाची. त्यात बायका जाऊबाईंना नाव घ्यायचा आग्रह करतात. नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी जाऊबाईंची ठाम समजूत. उभ्या जन्मात त्यांनी ते तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी उखाणा म्हणाल्या, पण नेमकं नाव बायकांच्या हशात बुडालं. ते ऐकायला दादा सेट बदलत राहिले.

यंदाही नवे स्पीकर आणलेले, पण खोक्याची दोरी तशीच.

"उघडले नाहीत?"

"बस. आदी जुन्यावर ऐक."

बांगड्या वाजल्या. मग जाऊबाईंचा आवाज, इतका जवळ की मी पदर सावरला. "पितळी तांब्यात कृष्णेचं पाणी भरलं, माझ्या कपाळी एकच नाव कोरलं..."

पुढे हशा नव्हता. खोलीभर बायका बसल्या आहेत आणि गप्प आहेत, अशी शांतता. मग कुणीतरी श्वास आत घेतला. दादांनी खटकन बटण दाबलं.

"हसणं कुठे गेलं?"

"दर मशीनला कमी हुत गेलं. आता समद्या गप झाल्यात. वाट बघत्यात."

"कॅसेट झिजली असेल, दादा."

"व्हय. दिवसा मीबी तसंच म्हंतो." त्यांनी खोक्याच्या दोरीला बोट लावलं आणि काढून घेतलं. "नाव ऐकायची लय इच्छा हाय गं. पर तिनं जल्मभर राखलं, ते म्या कशाला मोडू? जाताना ह्ये खोकं घिऊन जा, दुकानात परत दे. हितं ऱ्हायलं तर मला आवरायचं न्हाई."

एसटीत खोकं मांडीवर घेतलं. बंदच होतं, तरी सांगली येईपर्यंत झाकणावरचा हात मी काढला नाही. दुकानदाराने विचारलं, "बिघाड आहे का?"

"नाही," म्हटलं. "फार स्पष्ट आहेत."

आमच्याकडे मी लग्नापासून नवऱ्याला नावानेच हाक मारते, तीही जिन्याखालून, गल्लीला ऐकू जाईल अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसवले, चहा ओतला आणि जिन्याखाली उभी राहिले. श्वास आत घेतला.

मग कप घेऊन वर गेले आणि तो त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, "अहो, चहा."