पायऱ्यांजवळची बाटली

वडिलांच्या गुडघ्यांना जमिनीवर काठी लागते, पाण्यात लागत नाही. म्हणून पालेगावात राहायला आल्यापासून ते रोज सकाळी गावतळ्यात पोहत. यंदा पाण्याला वास यायला लागला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना. तळ्याच्या वरच्या अंगाला आमचीच सोसायटी आहे. तिची मैल्याची टाकी भरून तळ्याला मिळणाऱ्या नाल्यात वाहते, हे मी पाहिलं होतं.

खात्री होईपर्यंत त्यांचं पोहणं थांबवून मी तपासणीच्या बाटल्या आणल्या. आत औषधाची पट्टी असते. पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, काळं पडलं तर त्यात मैला. नाल्याच्या तोंडाशी एक, समोरच्या काठाला एक आणि वडील उतरतात त्या पायऱ्यांजवळ एक, अशा तीन भरल्या आणि फ्रिजमागे ठेवल्या.

"अहो, इथे पिठाचा डबा आहे," बायको म्हणाली. "तुमच्या शर्टांच्या कपाटात ठेवा ना."

दुसऱ्या दिवशी दोन काळ्या पडल्या. पायऱ्यांजवळची जशीच्या तशी.

"बघ," वडील म्हणाले. "माझी जागा चांगली आहे. उद्यापासून जातो."

मला हिशेब लागेना. नाल्याशी काळं, लांबच्या काठाला काळं आणि मधल्या पायऱ्यांशी तेवढं स्वच्छ? जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी वडीलच वैतागले.

"अरे, तू बाटली भरायला यायच्या आधी मी तिथे टीसीएल टाकली होती. वॉचमनकडून मागून घेतली."

"पाणी शुद्ध करायची पावडर? तपासणीआधी?"

"मग कधी? गावी विहीर तपासायला माणूस यायचा, तेव्हा आदल्या दिवशी टाकायचोच आम्ही. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण झाडत नाहीत?"

काही दिवस जाऊ दिले आणि पायऱ्यांजवळची बाटली त्यांनाच भरायला लावली. पावडर न टाकता. त्या दिवशी मी फ्रिजमागे इतक्यांदा डोकावलो की बायकोने स्वयंपाकघराबाहेर काढलं. दुसऱ्या संध्याकाळी पाणी काळं झालं होतं.

वडिलांनी बाटली उजेडात धरली. मग ती पिशवीत घातली आणि काठी घेतली.

"सोसायटीचा सेक्रेटरी किती वाजता जेवतो?"

"आत्ता बसला असेल."

"बरं आहे," ते म्हणाले. "ताटासमोरच ठेवतो."