गजभियेबाईंची रविवारची सभा

जयवंता गजभिये यांचं इंग्रजीशी लहानपणापासून वाकडं होतं आणि पुढे पोट मात्र त्याच इंग्रजीवर भरायचं आलं. मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी आणि इंग्रजीत सपशेल उडाल्या. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, वडील गिरणीत कामाला. त्या घरात पोरीनं नापास होणं म्हणजे साऱ्या वस्तीचा मुद्दा. जो तो येऊन विचारायचा, काहून गा, काय झालं पोरीले?

झालं होतं असं, की बाकी सगळी इंग्रजी घशाखाली उतरायची, पण ‘दॅट’ आला की घास अडकायचा. त्याने जावं असं मी सुचवते, हे इंग्रजीत म्हणायचं कसं? ‘दॅट’नंतर कुठे विल, कुठे वुड, कुठे शुड, कुठे मे. मास्तर म्हणायचे, पाठ करा. पाठ केलं आणि पेपरात सगळ्यांची खिचडी झाली.

गाठ सुटली ती विहारात. महिन्याला तिथे वस्तीची सभा भरायची. एक खुर्ची अध्यक्षांची, बाकी सगळे सतरंजीवर. जयवंता मागे बायकांत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. एक म्हातारबा उठले आणि म्हणाले, नळाजवळ बायांसाठी ओटा बांधावा, अशी मी सूचना मांडतो. जयवंताच्या हातातली शेंग हातातच राहिली. बांधावा! आय प्रपोज दॅट अ प्लॅटफॉर्म शुड बी बिल्ट. अहो, हे तर आपल्या विहारातच बसलं होतं की इतकी वर्षं, आणि ती शोधत होती गाइडात! सूचना केली, आग्रह धरला, की मागे शुड येतो. आशा वाटली की विल, नुसती इच्छा धरली की वुड, भीती वाटली की मे. आधी माणसाच्या मनात काय आहे ते पाहायचं, मग पुढचं आपसूक जमतं. दुसऱ्या खेपेला जयवंता पास झाली, आणि पुढे कॉर्पोरेशनच्या शाळेत इंग्रजीचीच बाई झाली. आता बोला.

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला गजभियेबाई पाचपावलीकडच्या एका विहारात मॅट्रिकच्या पोरींचा रविवारचा वर्ग घ्यायच्या. वर्ग कसला, सभाच ती. एक पोरगी खुर्चीवर अध्यक्ष, बाकीच्या सतरंजीवर, आणि बाई कोपऱ्यात सचिव. प्रत्येकीने उठून इंग्रजीत एक सूचना मांडायची. दुसऱ्या कुणी अनुमोदन दिलं तर ती मताला जाणार. तीनदा विचारून कुणी दिलं नाही, तर पडली. सचिवाने सूचना मांडायची नाही, अनुमोदन द्यायचं नाही, मतही द्यायचं नाही. हा नियम बाईंनी स्वतःच केला होता, कारण पोरी एरवी उठसूट त्यांच्याच तोंडाकडे बघायच्या.

आणि काय एकेक सूचना यायच्या! आय इन्सिस्ट दॅट माय ब्रदर शुड वॉश हिज ओन प्लेट. ही एकमताने पास, टाळ्यांसकट. आय सजेस्ट दॅट माय आत्या शुड पुट लेस तिखट इन द मटण. हिच्यावर अर्धा तास भांडण झालं आणि सूचना पडली. घरी ज्या पोरी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलत नसत, त्या इथे उभ्या राहून आग्रह धरायच्या. बाईंना त्याचंच जास्त कौतुक होतं.

त्यातली सुमती ही रुपरावजींची पोरगी. रुपरावजी म्हणजे वस्तीचे अध्यक्ष. मंडळाचे तेच, जयंती उत्सवाचे तेच, कुणाकडे लग्नाची बोलणी असली तरी मधली खुर्ची त्यांचीच. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आवाज भोंग्यासारखा. एकदा खुर्चीवर बसले की चहालाही उठायचे नाहीत. एका सभेत खुर्चीचा पाय मोडला, तर पठ्ठ्याने टेबल धरून, अर्धं अंग हवेत ठेवून, आभारप्रदर्शनापर्यंत सभा चालवली. पण माणूस नियमाचा पक्का. स्वतःच्या सख्ख्या भावाची सूचना अनुमोदन नाही म्हणून त्यांनी पाडली होती, आणि भाऊ वर्षभर बोलत नव्हता.

सुमती अभ्यासात तल्लख होती, यंदा फर्स्ट क्लास काढेल अशी बाईंना खात्री होती. आणि नेमकं तिचं लग्न ठरलं. मुलगा कन्हानचा, कोळशाच्या खाणीत नोकरीला, स्वभावाने गरीब. मुलात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती तारखेत. लग्न फेब्रुवारीत आणि परीक्षा मार्चमध्ये. एकदा पोरगी हळदीला बसली की पुस्तक कुठलं अन् पेपर कुठला? बाई रुपरावजींच्या घरी जाऊन आल्या. चहा झाला, चिवडा झाला, रुपरावजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, सूचना नोंदवून घेतली. बाई घरी येऊन चिडल्या. सुमतीला विचारलं, तर ती घरी काहीच बोलली नव्हती. वडिलांशी काय बोलणार, म्हणाली.

मग पुढच्या रविवारी रुपरावजी स्वतः विहाराच्या दारात उभे राहिले. कन्हानहून मुलाकडच्या बाया आल्या होत्या, पोरीला घेऊन साड्या बघायला जायचं होतं. आजपासून क्लास बंद, हे सांगायलाच ते आले होते. पण त्यांना पाहताच त्या दिवशीची अध्यक्ष, उत्तरा नावाची एक काडीपहिलवान पोरगी, सवयीने खुर्चीवरून उठली. रुपरावजी आले की खुर्ची मोकळी करायची, हे वस्तीत रांगत्या लेकरालाही ठाऊक होतं. आणि रुपरावजीही सवयीने बसले. बसल्यावर धोतर सारखं केलं, घसा खाकरला आणि विचारलं, “कोणता विषय चालू आहे?”

पुढची पाळी सुमतीची होती.

सुमती उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि एका दमात म्हणाली, “आय प्रपोज दॅट माय मॅरेज शुड टेक प्लेस आफ्टर द एक्झामिनेशन.”

पोरगी फाडफाड इंग्रजी बोलली म्हणून रुपरावजींची छाती फुगली. अर्थ त्यांना कळला नव्हता. कौतुकाने मान हलवत त्यांनी विचारलं, अनुमोदन? उत्तराचा हात अर्धा वर आला. इतकं सोपं होतं! दोन हात वर झाले असते, रुपरावजींनी टेबलावर थाप मारली असती आणि ठराव पास. वस्तीभर हसं झालं असतं, पण आपल्या अध्यक्षतेखाली पास झालेला ठराव त्यांनी जन्मात फिरवला नव्हता. बाईंना मोह पडला. खोटं कशाला बोला, चांगलाच पडला. पण ज्या सभेने त्यांना इंग्रजी शिकवली, त्या सभेत फसवाफसवी? त्यांच्या जिवाला ते पटेना. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “अध्यक्षांना ठराव समजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सुमती, मराठीत मांड.”

सुमतीने बाईंकडे असं पाहिलं, की बाईंनाच अपराधी वाटलं. मग ती वडिलांकडे वळली. “माझं लग्न परीक्षा झाल्यावर व्हावं, अशी मी सूचना मांडते.”

उत्तराचा हात खाली गेला. तिचं घर रुपरावजींच्या भिंतीला भिंत लावून, बाप त्यांच्याच हाताखाली. बाकीच्या पोरी सतरंजीचे धागे मोजायला लागल्या. रुपरावजींचा चेहरा लाल झाला. मनगट धरून पोरीला घरी नेणं त्यांना काही अवघड नव्हतं. पण सभेपुढे सूचना आली होती, आणि सूचना आल्यावर खुर्ची सोडून जाणारा तो माणूस नव्हता.

त्यांनी जड आवाजात विचारलं, सूचनेला अनुमोदन कोण देते? कुणी हललं नाही. पुन्हा विचारलं. बाईंनी हाताची मूठ आवळून धरली. स्वतः केलेल्या नियमाचा त्यांना त्या क्षणी इतका राग आला, की तसा इंग्रजीचाही कधी आला नव्हता. आता तिसऱ्यांदा विचारलं की संपलं. पोरगी जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही, याची त्यांना भीती वाटली.

रुपरावजींनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते लेकीकडे बघत राहिले. ती अजून उभी होती, मान वर करून, सभासद उभा राहतो तशी.

“हे तू घरी काहून नाही बोलली?”

“घरी सूचना मांडता येत नाही, बाबा.”

रुपरावजी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. मग दोन्ही हात खुर्चीवर टेकले आणि उठले. भर सभेत, काम चालू असताना.

“बाई, तुमी बसा इथं,” ते म्हणाले.

बाई गडबडल्या. आपण सचिव आहोत, तुम्ही अध्यक्ष आहात, असं काहीतरी पुटपुटल्या.

“अध्यक्षाले अनुमोदन देता येत नाही. नियम आहे.”

आणि तो उंचापुरा माणूस पोरींच्या मधोमध सतरंजीवर खाली बसला. गुडघे कटकन वाजले. मांडी घालून त्यांनी हात वर केला.

“मी देतो.”

बाई खुर्चीवर बसल्या खऱ्या, पण मतं घ्यायला आवाज कुठून आणायचा? डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुमती उभ्याउभ्या रडत होती, उत्तराचा हात आता खांदा निखळेल इतका वर गेला होता, तिच्यामागून सगळ्यांचे गेले होते, आणि ठराव पुकारायचं बाईंना भानच नव्हतं.

शेवटी सतरंजीवरून रुपरावजीच म्हणाले, “अध्यक्षबाई, हात दुखून राहिला ना. पास करा.”