दादाच्या पायातले माझे बूट

सोलापूर स्टेशनावर मला तिकीट तपासण्याची नोकरी लागली तेव्हा साहेबाने बजावले, वहाणा चालणार नाहीत, बूटच हवेत. मी बाजारातून ते शिवून घेतले. नाडी नसलेले, घोट्यापर्यंतचे, दोन्ही बाजूंना ताणली जाणारी रबरी पट्टी. दिसायला देखणे, पण चामडे कसले, लाकूडच ते! पहिल्याच दिवशी माझ्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या.

त्याच सुमारास माझा थोरला भाऊ सांगोल्याकडून मेंढरे विकायला आला आणि माझ्याच खोलीवर उतरला. वडील गेल्यापासून दादानेच मला वाढवले, शिकवले. स्वतः मात्र मेंढरांमागेच राहिला. माझ्या टाचा बघून तो म्हणाला, "आण ते हिकडं. मी घालतो चार दिस. मऊ पडतील."

"दादा, लई चावत्यात."

"चावू देत की. काट्याकुट्यातनं हिंडल्यालं पाय हायेत हे. त्यास्नी काय हुतंय?"

बुटांना एरंडेल चोळून त्याने ते चढवले. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडे आणि पायात साहेबी बूट, अशा थाटात स्वारी बाजाराला निघाली. चाळीतल्या बायका पदराआड हसल्या. तोही हसला. संध्याकाळी परत आला तो जराही न लंगडता, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला.

दोनेक दिवसांनी त्याने बूट काढले तर आत रक्त. टाचेचे कातडे गेले होते आणि तळातला खिळा वर येऊन तळव्यात रुतला होता.

"दादा, दुखलं न्हाय?"

"न्हाय की." दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावे तसा तो आपल्या पायाकडे बघत राहिला.

मी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले. "टाचणी टोचली की सांगायचं." त्यांनी टोचली, पुन्हा टोचली, घोट्याच्या वर टोचली. दादा डोळे मिटून शहाण्या मुलासारखा बसला होता. शेवटी म्हणाला, "कवा टोचणार, डाक्टर?"

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले. महारोग.

मी त्याला ते सांगितले. तो एवढेच म्हणाला, "तिला कसं सांगू?" त्याच्या लग्नाला पुरते वर्षही झाले नव्हते.

गावाने त्याला ओढ्यापलीकडे खोपट घालून दिले. वहिनीचे भाऊ गाडी जुंपून तिला न्यायला आले. "म्या न्हाय येत," ती म्हणाली, "मेंढरं कोण बघंल?" ते रिकामी गाडी घेऊन परतले. मेंढरे तिने बघितली, आणि त्यालाही.

औषधाच्या सुया टोचून झाल्या, कडू तेले झाली. सुट्टी मिळाली की मी जाई. तो मला जवळ येऊ देत नसे. "तितंच बस. नोकरीवाला मानूस तू." मग लांबूनच गाड्यांचे विचारी. मद्रास मेल किती डब्यांची, इंजिनाला पाणी कुठे भरतात. सांगताना माझे लक्ष त्याच्या वाकत चाललेल्या बोटांकडे जाई, आणि ते कळले की तो हात घोंगड्यात घेई.

तो उन्हाळ्यात गेला. खांदा द्यायला गावातून एक म्हातारा मेंढका आणि त्याचा मुलगा तेवढे आले. तिसरा मी. आम्ही वाट बघत थांबलो. मग वहिनीने पदर खोचला आणि ती पुढे झाली.