शिवणाच्या बाईंची विमानं

शाळेतला शिवणाचा तास बंद झाला तेव्हा बाई एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. सोळा वर्षं त्यांनी काजं, टाके आणि तुरपाई शिकवली होती. मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून सांगितलं, की त्याच खोलीत, त्याच तासाला आता उडणाऱ्या विमानांच्या प्रतिकृती करायला शिकवायचं आहे. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागद, गोंद आणि एक पुस्तिका एवढं सामान येऊन पडलं होतं. बाई म्हणाल्या, मी विमान आजवर खालूनच बघितलंय. मुख्याध्यापिका हसल्या. "बहुतेकांनी तसंच बघितलंय. मला नीट कात्री चालवणारं माणूस हवंय. बाकीचं तुम्ही शिकाल."

बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर नवं काही करून बघायची हौसही होती.

घरी सासरे होते. विमानदुरुस्तीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी पंखांचे पत्रे जोडले होते. पण त्या कामाबद्दल घरात कोणाला काही विचारायचं सुचलं नव्हतं आणि त्यांनी आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. मुळात बोलणंच मोजकं. सासूबाई गेल्यापासून तर "चहा झाला का" आणि "पंखा बंद करा" यापुढे गाडी सरकत नसे.

बाईंनी पुस्तिका वाचून जेवणाच्या टेबलावर तीन दिवस खपून पहिलं विमान केलं. कागद पंखावर असा ताणून बसवला, की एक सुरकुती सापडेल तर शपथ. मग त्या गल्लीत उतरल्या आणि त्यांनी ते फेकलं. विमानाने नाक वर केलं, ते क्षणभर हवेत थबकलं आणि दमलेल्या माणसासारखं मागच्या मागे बसलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सासरे खिडकीतून बघत होते. ते सपाता घालून खाली आले. त्यांनी विमान दोन बोटांवर, पंखांच्या खाली तोललं. शेपूट झुकली.

"शेपूट जड आहे, सूनबाई. नाकाला वजन दे."

बाईंनी शिवणाच्या डब्यातलं एक बटण आणून नाकाला चिकटवलं. या खेपेला विमान सरळ गेलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं आणि टपालवाल्याच्या सायकलीच्या टोपलीत अलगद उतरलं. टपालवाल्याने ते परत आणून दिलं आणि वर तिकीट लावलेलं नाही म्हणून कुरकुरही केली.

त्या संध्याकाळी सासरे जेवता जेवता तासभर बोलले. पंखाच्या आत फासळ्या का असतात, लाकडाचे धागे कोणत्या दिशेने ठेवायचे, जास्तीचा एक थेंब गोंद म्हणजे जास्तीचं वजन कसं. बाईंचे यजमान घास हातात धरून ऐकत राहिले. आपल्या वडिलांना इतकं बोलता येतं, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

वर्ग सुरू झाला. बाईंचा नियम एकच होता: विमान पडलं की रडायचं नाही, का पडलं ते वहीत लिहायचं, आणि पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणत्या बदलाने फरक पडला ते कसं कळणार? ब्लाउज घट्ट झाला म्हणून बाही, गळा, कंबर सगळंच एकदम उसवायचं नसतं, तसंच.

दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिच्या प्रश्नांपुढे सगळे शिक्षक हात टेकत, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव शंकासूर पडलं होतं. विमान का उडतं, हे बाई फळ्यावर पुस्तिकेप्रमाणे शिकवत होत्या: पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेबरोबर पलीकडे पोचायचं तर तिला पळावं लागतं, आणि पळणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून पंख उचलला जातो. शंकासुराने हात वर केला.

"बाई, दोघींनी बरोबरच पोचायचं, असं त्यांचं ठरलेलं असतं का?"

वर्ग हसला. बाईही हसल्या आणि मग त्यांनी खडू खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. शोधून सांगते."

घरी त्यांनी सासऱ्यांना विचारलं. ते हसले. छत्तीस वर्षं पंख जोडले, पण हे आपल्या डोक्यात कधी आलं नाही, म्हणाले. मग म्हणाले, "करून बघू."

दुसऱ्या दिवशी सासरे बाईंबरोबर शाळेत आले. आधी अगदी सपाट पुठ्ठ्याच्या पंखाचं विमान केलं. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता सारखाच, तरी ते उडालं. मग टेबलपंख्यासमोर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून त्यावर पंख बसवला. पंखाचं पुढचं टोक थोडं उचललं, की काट्यावरचं वजन घटे. हवा कुठे जाते ते दिसेना, तेव्हा बाईंनी शिवणाच्या दोऱ्याचे बोटभर तुकडे पंखावर आणि त्याच्या मागच्या कडेला चिकटवले. पंखा लावला. कडेचे दोरे पंखाला धरून मागे आणि खाली वळले. पंख हवेला खाली ढकलत होता आणि हवा पंखाला वर. टोक फार उचललं, तेव्हा वरचे दोरे वाट चुकल्यासारखे भरकटले, वजन घटायचं थांबलं. सगळा वर्ग काट्याभोवती डोकी भिडवून उभा होता.

पंखाच्या वरून जाणारी हवा खरंच वेगाने जाते, पण खालच्या हवेला गाठायचं म्हणून नाही. हे बाईंनी पुढे मोठ्या पुस्तकात वाचलं. पण त्याआधी त्यांनी एक काम केलं, ते मात्र त्यांना जड गेलं. आधीच्या दोन वर्षांची मुलं आता वरच्या वर्गांत होती. बाई त्या दोन्ही वर्गांत गेल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला विमानाबद्दल एक गोष्ट चुकीची शिकवली होती. बरोबर काय आहे ते दाखवायला आलेय." वजनकाटा आणि पंखा त्यांनी बरोबर नेला होता. मुलं हसतील याची त्यांनी तयारी ठेवली होती. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक आडदांड मुलगा तेवढा म्हणाला, की चूक सांगायला कोणी परत आलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर नऊ वर्षं सासरे दर शनिवारी शाळेत येत राहिले. मुलं त्यांना "पंखेआजोबा" म्हणत. शेवटच्या आजारपणातही ते बाईंना, आज कोणाचं विमान किती लांब गेलं, हे विचारत. ते गेले तेव्हा बाईंना वाटलं, आपल्याला हा माणूस उशिरा मिळाला, पण मिळाला तरी.

बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशीच्या समारंभाला कोणाला बोलवायचं, असं शाळेने विचारलं. बाईंनी शंकासुराचा पत्ता शोधून काढला. ती आता दातांची डॉक्टर झाली होती. "विमानं नाही केलीस?" बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "नाही बाई. शाळेत असताना मी दात काढायचे म्हणून बोलणी खायचे, आता दात काढायचे पैसे मिळतात."

बाईंनी भाषणात तिचे आभार मानले. तिच्या एका प्रश्नाने आपली पंधरा वर्षं शहाणपणाची गेली, असं म्हणाल्या. समारंभ संपल्यावर शंकासूर जवळ आली, जरा ओशाळून म्हणाली, "बाई, खरं सांगू? मी असं काही विचारल्याचं मला आठवतच नाही. मला आठवतं ते एवढंच, की माझं विमान पाण्याच्या टाकीवर अडकलं होतं आणि तुम्ही साडी खोचून शिडीवर चढलात."

बाईंनी पुष्कळ आठवून बघितलं. टाकी आठवली, शिडीही आठवली. आपण चढल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

"मग मी काढलं का ते खाली?" त्यांनी विचारलं.

"काढलंत. आणि का अडकलं ते वहीत लिही म्हणालात."

दोघी रिकाम्या मंडपात खुर्च्या ओढून बसल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या.