गावाच्या इतिहासातलं एक पान

“सावकाश, बाय. गाव खंय पळान जाता?”

माझी बोटं कीबोर्डवर जरा वेगाने चालली की काका हे म्हणायचे. लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, सोसायटीच्या नोटिसा, असलं काम. तुमच्याही गल्लीत असं एखादं दुकान असेल आणि तिथे कागद छातीशी धरून बसलेला एखादा म्हातारा तुम्ही पाहिलाही असेल.

काका गिरणीतून निवृत्त झालेले. गाव मालवणकडचं. गावाच्या ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहत होती, त्या निमित्ताने पंचायतीचा इतिहास छापायचा असं त्यांच्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने ठरवलं होतं. लिहायचं काम काकांकडे आलं. ते गावाहून जुन्या सभांच्या वह्यांच्या झेरॉक्स घेऊन आले आणि सहा महिने रोज दुपारी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

“ग्रामस्थांनी श्रमदानातून शाळेची भिंत बांधली,” असं मी एकदा टाइप केलं. काका म्हणाले, “ग्रामस्थ म्हणजे कोण? नावां लिव.”

“काका, एकवीस नावं आहेत!”

“मगे? भिंत एकवीस जणांनीच बांधली ना?”

मी एकवीस नावं टाइप केली. त्यातल्या एकाला ‘आंबेवाला’ म्हणत, तर कंसात तेही घालायला लावलं. पहिल्या सरपंचांना सही येत नव्हती, पण सभेला ते पायात वहाणा घालून कधी आत आले नाहीत, हेही आलं. मी मूळची घाटावरची, त्यांचं गाव कधी पाहिलं नव्हतं. पण त्या सहा महिन्यांत तिथली प्रत्येक पाणंद मला पाठ झाली.

एके दिवशी काका आले. स्टुलावर बसायच्या आधीच त्यांनी एक झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. जुना ठराव होता. देवळाकडच्या रस्त्यासाठी एका विधवा बाईने आपली जमीन द्यायला नकार दिला, म्हणून ‘सदर बाईस सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास मनाई करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.’ खाली पाच सह्या.

“पयली सही माझ्या बापाशीची,” काका म्हणाले. “लिव.”

त्या बाईची मुलगी घोडपदेवच्या चाळीत राहते हे काकांनी शोधून काढलं. ऐंशी ओलांडलेली. काका तिला भेटायला गेले, तर तिने विचारलं, “तू कोणाचो?” काकांनी बापाचं नाव सांगितलं. तिने समोर ठेवलेला चहा उचलून आत नेला. काका दारातच उभे राहिले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि बोलू लागली. उन्हाळ्यात व्हाळ, म्हणजे तिथला ओढा, आटायचा, तेव्हा मायलेकी खड्डा खणून पाणी झिरपायची वाट बघत बसायच्या. दुसऱ्या वर्षी जमीन तशीच टाकून त्या मुंबईला आल्या.

हे सगळं एका पानात बसलं. मंडळाच्या रविवारच्या सभेत काकांनी ते वाचून दाखवलं. मी कच्ची प्रत घेऊन गेले होते, म्हणून मला हे ठाऊक.

अध्यक्ष म्हणाले, “काका, उद्घाटनाला बाहेरचे पाहुणे येणार. गावाची बदनामी कशाला? आणि तुमच्याच वडलांचं नाव!”

“म्हणूनच माका लिवक होया.”

“हे पान काढा.”

“मग ह्येका इतिहास म्हणू नका. आमंत्रणपत्रिका म्हणा.”

हात वर झाले. पान काढायचं ठरलं.

दुकानात येऊन मी ते पान काढलं. मागची पानं आपोआप पुढे सरकली, आकडेही बदलले. काका पडद्याकडे बघत होते. “कोणाक कळाचाच नाय?” त्यांनी विचारलं. कळणार नाही, अशी मी मान हलवली. मला त्या क्षणी माझ्या कामाची लाज वाटली.

पुस्तक छापलं गेलं. उद्घाटनाला काका गेले नाहीत. त्यांनी मला फक्त त्या एका पानाची मोठ्या अक्षरातली प्रत काढायला सांगितली आणि ते मला घेऊन घोडपदेवला गेले. म्हातारीला वाचता येत नव्हतं. काकांनी सगळं वाचलं, बापाचं नावही न अडखळता.

“माझ्या आवशीचां नाव परत वाच,” ती म्हणाली. काकांनी तिच्या आईचं नाव तीनदा वाचलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “हय वाचून काय उपेग? थंय वाच.”

म्हणून काका गावी गेले. ते मुंबईचे मतदार, ग्रामसभेत त्यांना मत नाही. पण सरपंच तिशीतली मुलगी होती. तिने त्यांना बोलू दिलं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. रेंजसाठी टेकडीवर चढले असावेत, मागे वारा घोंघावत होता.

“बाय, जुनो ठराव रद्द झालो! बाईची माफी मागली गावान. लेखी!”

“कोणी विरोध केला?”

“दोघे उठान गेले. जावंदेत.”

“परत कधी येताय?”

ते काहीतरी म्हणाले, पण आवाज तुटला. मी म्हटलं, आल्यावर नीट ऐकू. दहाव्या दिवशी काका गावीच झोपेत गेले. ते काय म्हणाले होते, ते मी अजून मनात जुळवून बघते.

ठरावाची बातमी म्हातारीला मीच सांगितली. ती म्हणाली, “आता पाणी हा मां त्या बावीक?”

त्या विहिरीला आता पाणी आहे की नाही, मला माहीत नव्हतं. काकांना माहीत असतं.

समोरचं स्टूल मी काढलेलं नाही. गिऱ्हाईक बसलं की मला उगाच राग येतो. दुपारी काम नसलं की मी गावाची फाइल उघडते. काढलेलं पान मी जागच्या जागी परत घातलंय. नव्या आवृत्तीचं मंडळाने अजून विचारलेलं नाही. विचारतील तेव्हा ते तयार आहे.

मध्यंतरी सरपंचबाईंनी त्या ग्रामसभेच्या दिवशीचा फोटो पाठवला. टेबलावर रजिस्टर, भोवती सही करायला वाकलेली माणसं, बाकीची कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. काका मागे, दाराशी. अर्धे चौकटीआड गेलेले. टाचा उंचावून, पुढच्यांच्या खांद्यावरून ते सही करणाऱ्यांच्या हाताकडे बघतायत.