एक दिवस आधी

“वर्गात कोंबडी कोणी आणली रे? नुसती दाणे टिपतीय.”

सर असं म्हणाले आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. कोंबडी म्हणजे मी. मला दिसत नाही. गोवरात डोळे गेले तेव्हा चार वर्षांची होते. अंधशाळेत ब्रेल शिकले. पत्र्याची पाटी, तिच्यात जाड कागद, आणि टोच्यानं एकेक ठिपका पाडत जायचं. त्याची टकटक होते. बाकीची पोरं शाईनं लिहीत, म्हणून ती सभ्य.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. आई रेणापूरकडं रोजगार हमीवर खडी फोडत होती. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला.

सर राज्यशास्त्राचे, पण शिकवत नसत. जाड वहीतून भरभर सांगत, पोरं उतरवून घेत. माझं एक वाक्य होईपर्यंत त्यांची चार व्हायची. लिहिणं बंद केलं तर परीक्षेत लेखनिकाला सांगू काय? आणि नापास झाले की वसतिगृह बंद. मग शिक्षणच संपलं.

म्हणून स्टाफरूममध्ये गेले. म्हटलं, सर, उद्या शिकवणार ती पानं आज द्या, मैत्रिणीकडून वाचून घेते, वर्गात आवाज होणार नाही.

“आज वही मागतीस, उद्या पेपर मागशील,” ते म्हणाले. मग शेजारच्या सरांना ऐकवलं, यांना खुर्च्या विणायला शिकवलं असतं तर पोटाला तरी लागले असते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “पाया पड बाई. आपलं काय जातंय.”

पडले. वाकून हात पुढं केला. त्यांनी पाय मागं घेतला. माझा हात गार फरशीवर चाचपडत राहिला. आमचं घर बौद्ध. माझी जात आड आली की माझे डोळे, ते आजवर कळलं नाही. संताप मात्र अजून तेवढाच आहे. आणि लाज. मी वाकले याची.

वसतिगृहात सुमन होती, देगलूरची, एक वर्ष पुढं. तिनं ट्रंकेतून आपली गेल्या वर्षीची वही काढली. “तेच हाय बग समदं. दरसाली तेच सांगतेत,” म्हणाली. टँकरच्या रांगेत घागरी लावून आम्ही बसायचो. ती वाचायची, मी मांडीवर पाटी घेऊन टोचायचे. दोन-दोन तास. पाणी मिळो न मिळो, पानं पुरी व्हायची.

पुढच्या सोमवारी सरांनी सुरू केलं, “राज्याचे घटक चार. पहिला, लोकसंख्या.” आणि श्वास घ्यायला थांबले. पुढचं वाक्य मी म्हटलं. बोटं कागदावर होती. त्याच्या पुढचंही म्हटलं. मग म्हशीचा विनोद. तो सर दरवर्षी तिथंच सांगत, सुमननं तो कंसात लिहून ठेवला होता. तोही सांगून टाकला.

वर्ग हसला. या वेळी मला नाही.

“कोणाची वही चोरलीस?” सरांनी विचारलं.

मी उभी राहिले. “सर, ही वही अख्ख्या लातुरात फिरायलीय. तुमी फकस्त माझ्यापासून लपवायलात.”

“बाहेर हो.”

“न्हाई होणार.” आणि खाली बसले. तास सोडून सरच गेले.

वही त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. प्राचार्यांनी बोलावून मलाच समजावलं, मोठ्यांचा मान राखावा. मी सुमनकडून अर्ज लिहून घेतला: प्रत्येक पाठ शिकवण्याआधी एक दिवस मला मिळावा. कारकून म्हणाला, “वर ‘कृपा करून’ घाला. अर्जाला तसंच लागतंय.”

मी घालू दिलं नाही. उत्तर आलं नाही, दुसरा अर्ज दिला. मग तिसरा. पुढं जिथं शिकले, जिथं नोकरीला लागले, तिथं माझा पहिला कागद हाच असतो: जे लागणार ते एक दिवस आधी मिळावं. त्यात कृपा नसते. आणि पोच हातात पडल्याशिवाय मी टेबलासमोरून हलत नाही.