जिन्याखालचं कोठार

माझी शाळा दुसरीपर्यंत. आकडे येतात. अक्षरं जुळवून जुळवून वाचते, तीही आपली. डच अक्षरांपुढं मी आंधळीच. तरी त्या डच लोकांच्या देशात मी एक अख्खं कपाट भरलं आणि नुसतं भरलं नाही, लावून दाखवलं. तेच सांगते.

लेक बाडहूव्हडॉर्पला राहतो. विमानतळाला लागून गाव आहे. विमानं घरावरनं इतकी खाली जातात की पहिल्या वर्षी मी वाळत घातलेले कपडे धरून उभी राहायची. लेक तिथंच मालाच्या गोदामात साहेब आहे. दर उन्हाळ्यात तो मला तीन महिने बोलावतो, व्हिसाच तेवढा मिळतो. ही गोष्ट माझ्या तिसऱ्या खेपेची.

घरात आम्ही तिघंच. लेक कामावर, सून तिच्या अभ्यासात, मी दिवसभर खिडकीत. करायचं काय? दर आठवड्याला दारातल्या फटीतनं रंगीत कागद पडायचे, दुकानांच्या जाहिराती. शेजारच्यांनी दारावर 'नको' अशी चिठ्ठी डकवलेली, आमच्या दारावर नव्हती. त्या कागदांवर चित्रं, चित्राखाली आकडा, आणि कुठं कुठं 'एक अधिक एक'. सुनेला विचारलं तर म्हणाली, "एक घेतलं की दुसरं ख्रातिस. म्हणजे फुकट, आई." डच भाषेतला मी शिकलेला पहिला शब्द हा.

मग मी कात्री घेतली. कूपनाभोवती तुटक रेघ असते, तिच्यावरनं कापायचं. एका माणसाला दोनच, असं असलं की मी सकाळी एकदा जायची आणि दुपारी एकदा. गल्ल्यावरची पोरगी मला ओळखायला लागली. "दाख, ओमा," म्हणायची. म्हणजे नमस्कार, आजी. मीही म्हणायची, "दाख, बाई."

शेवया, डब्यातले टोमॅटो, तेल, साखर, बिस्किटं, साबण, फरशीचं औषध. सगळं जिन्याखालच्या कपाटात. लेक म्हणायचा, "आई, युद्ध होणार आहे का?"

त्याला काय सांगू. त्याचा बाप गेला तेव्हा हा पाळण्यात होता. दुष्काळात मी लग्नाआधीच खडी फोडली होती, नंतरही रस्त्याच्या कामावर गेले. तळहाताची कातडी जायची, परत यायची. रेशनच्या रांगेत पहाटेपासून उभं राहायचं आणि आपला नंबर आला की दुकानदार फळी लावायचा. त्या दिवसांतलं मला दुसरं काही आठवत नाही, एवढं आठवतं, की डब्यात हात घातला की नखाला पत्रा लागायचा. रडगाणं नाही हे. त्यातनं पार झाले, लेक शिकला, संपलं. पण भरलेला डबा दिसला की मला अजून बरं वाटतं. आणि मी गेल्यावर सुनेला चार महिने दुकानाकडं बघायला लागू नये, एवढाच माझा हिशेब होता.

सुनेचं वेगळं चाललं होतं. ती लग्न करून नवऱ्याच्या मागं आलेली. इकडची पदवी तिकडं कुणी धरली नाही. चार वर्षं घरात बसली. मग तिनं ठरवलं, लोकांची लहान मुलं दिवसभर आपल्याच घरी सांभाळायची. तिकडं त्यालाही परीक्षा असते. तिनं ती डच भाषेत दिली आणि पास झाली. आता राहिलं होतं एवढंच, की खेमेंतेकडनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडनं, एक बाई येऊन घर तपासणार. तिनं हो म्हटलं तर परवानगी. गुरुवारी येणार होती.

त्याच्या आधीच्या शनिवारी सून झाडू काढायला कपाटाशी गेली आणि तिथनंच ओरडली.

"आई, हे काय आणलंय? आठ पिशव्या?"

"खडे मीठ गं. लोणच्याला किती दिवस शोधत होते. एकावर एक होतं."

"लोणच्याला घातलंत?"

"दोन बरण्या. मुरत ठेवल्यात खिडकीत."

ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. "आई, हे भांडी धुवायच्या मशिनचं मीठ आहे."

"मशिनला कशाला लागतं मीठ? त्याला काय चव कळते?"

पिशवीवर चकचकीत ताटांचं चित्र होतं. मी म्हटलं, ताटात वाढायचं मीठ. हाताला दाबून बघितलं, खडे बरोबर लागले. आपल्या बायकांना खडे मीठ हातानंच कळतं. तिथंच फसले.

लेक हसून हसून लाल झाला. "आई, निदान लोणचं स्वच्छ धुतलेलं निघालं असतं."

सून हसली नाही. तिनं एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. फरशीच्या औषधाची बाटली शेवयांवर आडवी. साबणाच्या वड्या साखरेला टेकलेल्या. मागं कोपऱ्यात बिस्किटं, तारीख उलटून गेलेली. तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. तो प्रकार मला जास्त लागतो.

"ती बाई प्रत्येक कपाट उघडते. खायच्या वस्तूंत औषधं दिसली, जुनी पाकिटं दिसली, की संपलं. परत नंबर लागायला किती महिने जातील, कुणास ठाऊक."

लेक म्हणाला, "उद्या गाडीत भरतो आणि टाकून येतो सगळं. विषय संपला."

"टाकायचं नाव काढू नकोस," मी म्हटलं. "मला बुधवारपर्यंत दे."

"आई, हा हट्ट करायची वेळ नाही. तिच्या कामाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच मागतेय. घाण मी केली, मी काढीन."

तो बायकोकडं बघायला लागला. तिनं शेवयांवरची ती बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बुधवारी संध्याकाळी मी बघणार. जे नीट नसेल ते जाईल. मी तुमचं काही ऐकणार नाही, आई."

"ऐकू नकोस," मी म्हटलं.

आधी लोणचं माझ्या हातानं टाकलं. लिंबंही एकावर एकच मिळालेली. दोन बरण्या रिकाम्या करताना जीव तुटला, पण तोंडातनं शब्द काढला नाही.

मग कपाट पार रिकामं केलं. बैठकीच्या खोलीत चालायला जागा राहिली नाही. औषधं, साबण आणि ते मीठ वेगळं काढलं आणि वर माळ्यावर नेलं, तिथं कपड्यांचं मशिन असतं. त्या घरांचे जिने इतके उभे, की शिडी परवडली. दोन मजले. एका हातात बाटल्या, दुसरा हात कठड्याला. लेक म्हणाला, "दे, मी नेतो." मी दिलं नाही.

आता खायचं. प्रत्येक पाकिटावर कुठंतरी तारीख छापलेली असते, ती शोधायची. आकडे आहेत ना, मग मला कुणाची गरज नाही. आधी दिवस, मग महिना, मग साल. उलटलेलं बाजूला काढलं. फार नव्हतं, पण होतं, खोटं कशाला बोलू. बाकीच्याचे महिन्याप्रमाणं ढीग केले. पण मी गेल्यावर सुनेला काय कळणार? ती घाईची बाई, हाताला येईल ते ओढणार.

तेव्हा टिकल्या आठवल्या. येताना आठवडी बाजारातनं तिच्यासाठी टिकल्यांची पाकिटं आणलेली. ती लावत नाही, पहिल्या दिवशी माझ्या समाधानासाठी लावली आणि ठेवून दिली. मी तिला विचारलं, "घेऊ का?" ती म्हणाली, "घ्या. कशाला?" मी म्हटलं, "बुधवारी बघ."

पुढच्या महिन्यात संपवायचं त्याला लाल. त्याच्या पुढच्याला हिरवी. मग पिवळी, मग निळी, मग चांदीची. वर्षभर टिकणाऱ्याला जांभळी. माळ्यावरच्या मिठाला आठही पिशव्यांवर मोठी काळी, तोंडात न घालायची. तीन दिवस मी बसून टिकल्याच लावत होते. लग्नघरात एवढ्या लागत नसतील.

आणि रचायचं कसं, तर कणगीसारखं. आमच्या कणगीत धान्य वरनं ओतायचं आणि खालच्या भोकाचा बोळा काढून घ्यायचं, म्हणजे जुनं आधी निघतं. इथं भोक कुठनं आणू? म्हणून लाल पुढं, जांभळं मागं, आणि नवीन आणलं की मागनं सारायचं. जड डबे तळाला. लेक कामावरनं आला, उभा राहून बघत राहिला.

"आई, आमच्या गोदामात हेच करतात. फर्स्ट इन, फर्स्ट आउट. आम्हाला त्याचं ट्रेनिंग देतात."

"पगारही देतात ना?"

"देतात."

"मग मलाही चहा दे."

बुधवारी संध्याकाळी सून कपाटाशी आली. मी बाजूला झाले. तिनं मुद्दाम मागच्या ओळीत हात घालून डबा काढला, तारीख वाचली, टिकली बघितली. जागेवर ठेवला. दुसऱ्या कोपऱ्यातला काढला. असे सात-आठ. शेवटी नुसतं म्हणाली, "गाडी नको काढायला सांगते." बास, तेवढंच. मला पुष्कळ झालं.

गुरुवारी ती बाई आली, सायकलवरनं, ताडमाड उंच. बाईनं खिडक्या बघितल्या, जिना बघितला, गोळ्या-औषधं कुठं ठेवता ते बघितलं, कागदावर खुणा केल्या. मग जिन्याखालच्या दाराला हात घातला.

दार उघडलं आणि ती गुडघ्यावर बसली. एका टिकलीवर बोट फिरवलं, काहीतरी विचारलं. सून सांगायला लागली. मला त्यातलं 'ओमा' एवढंच कळलं. बाईनं पुढचा एक डबा काढून तारीख वाचली, मागचा काढून वाचली. परत पुढचा. मग तिनं माझ्याकडं बघून काही विचारलं.

"आई, ती विचारतेय, तुम्ही दुकानात काम करत होता का गोदामात?"

"सांग तिला, खडी फोडत होते. रस्त्यावर."

मग सून बाईकडं वळली आणि सांगायला लागली. माझे चारच शब्द होते. तिनं बराच वेळ सांगितलं. काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. बाईनं उठताना माझा हात हातात घेतला, तळहात उलटा करून बघितला, आणि काहीतरी बोलली. सून म्हणाली, "म्हणतेय, असं कपाट तिनं अजून बघितलं नाही."

"मग परवानगी?"

"पत्र येईल. पण एकच गोष्ट लिहून घेतलीय. ह्या दाराला वर कडी पाहिजे, मुलांचा हात पोचणार नाही अशी. बाकी काही नाही, आई. बाकी काहीच नाही!" आणि बाईची सायकल वळली न वळली, तर ही मला धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरली. माझे गुडघे, पण काय करणार, फिरले.

शनिवारी लेक कडी बसवायला बसला. त्यानं आपला हात जाईल तितक्या वर पेन्सिलीची खूण केली. सुनेनं ती खोडली.

"एवढ्या वर नको. आईंचा हात पोचला पाहिजे."

"अगं, आई पंधरा दिवसांनी चालली."

"मग? परत येणार नाही का? कपाट कोण लावणार, तू?"

तिनं मला दाराला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाली, "हात वर करा, आई." मी केला, पार ताठ. बोटाच्या टोकाशी तिनं पेन्सिल टेकवली.